एकट्या वाटसरूची वाट : औरंगपुरा ते बुद्धलेणी

पहिल्या साठ भिक्खूंना धम्मप्रचारासाठी पाठविताना तथागतांनी जी आज्ञा केली, तिच्यातील एका तपशिलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी चारिका करा, हा भाग सर्वांना मुखोद्गत आहे. परंतु त्यालाच जोडून, दोघांनी एका वाटेने जाऊ नये, असेही त्यांनी बजावले होते. त्यामागील व्यावहारिक हेतू उघड आहे. माणसे थोडी होती आणि वाटा पुष्कळ होत्या. साठ जणांनी साठ वाटा धरल्या तरच धम्म साठ ठिकाणी पोचणार होता. पण या आज्ञेवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. संघाच्या प्रसाराचा आरंभ एकट्याने पायी चालणाऱ्या माणसापासून झाला. हा माणूस दररोज एका अनोळखी गावाच्या वेशीवर उभा राहत होता. तेथे त्याला पाणी कोण देतो, भिक्षा कोण वाढतो, रात्रीचा निवारा कोठे मिळतो, यावर त्याचा आणि त्याने बरोबर आणलेल्या विचाराचा निर्वाह अवलंबून होता.

नगरांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा राजांचा, वेढ्यांचा आणि नामांतरांचा इतिहास लिहितो. वाटसरूच्या बाजूने नगराकडे पाहिले, तर तोच इतिहास निराळा दिसतो काय, असा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस होता. त्याचे उत्तर ग्रंथालयात बसून मिळण्यासारखे नव्हते. म्हणून हिवाळ्यातील एका सकाळी छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरातील औरंगपुऱ्यातून आम्ही पायी निघालो आणि दिवस मावळण्यापूर्वी शहराच्या उत्तरेकडील डोंगरातील बुद्धलेण्यांत पोचलो. लेखनाच्या रूढीप्रमाणे येथे ‘आम्ही’ म्हटले असले, तरी वाटेत सोबत कोणी नव्हते. सरळ वाटेने हे अंतर पाच-सहा किलोमीटरांहून अधिक नाही. आम्ही मात्र ते थांबत थांबत, वळसे घेत चाललो. त्या दिवसाचा हा वृत्तांत आणि त्यावरून सुचलेला विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

औरंगपुरा

बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे अशी या शहराची ख्याती पूर्वापार सांगितली जाते. पुरा म्हणजे नगराच्या गाभ्याबाहेर वसलेली वस्ती. सरदार, व्यापारी, कारागीर किंवा फकीर यांच्याभोवती असे पुरे वाढले आणि हळूहळू त्यांचेच शहर झाले. औरंगपुरा त्यांपैकी एक. नाव मोगल काळाचे असले, तरी आजचे त्याचे रूप विसाव्या शतकाने घडविले आहे. १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवन शिक्षण संस्थेचा परिसर येथे आहे. जिल्हा परिषद येथे आहे. बलवंत वाचनालय येथे आहे. सकाळी भाजीच्या हातगाड्या लागतात, शाळेच्या मुलांची रीघ असते आणि खेड्यांतून जिल्हा परिषदेच्या कामासाठी आलेली माणसे हातात कागदांची पिशवी घेऊन पत्ता विचारीत असतात. म्हणजे आजही औरंगपुरा बाहेरून येणाऱ्या माणसाचे पहिले ठाणे आहे.

चौकात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांचे स्मारक आहे. आमच्या प्रवासाचा आरंभ येथून व्हावा हा योगायोग होता, पण संध्याकाळपर्यंत तो आम्हाला अर्थपूर्ण वाटू लागला. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर सावित्रीबाई घरून शाळेत पायी जात, तेव्हा रस्त्यात त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई. शहरातील काही गल्ल्यांचे अंतर, पण एकट्या स्त्रीने ते चालून जाणे हेच तेव्हा धाडस होते. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. एक प्रसंग रस्त्याचा आहे आणि दुसरा पाण्याचा. वाटसरूला या दोनच गोष्टी प्रथम लागतात, एवढी नोंद येथे करून पुढे जाऊ.

दरवाजे आणि खडकीचा संस्थापक

औरंगपुऱ्याच्या दक्षिणेस, थोड्याच अंतरावर पैठण दरवाजा आहे. शहराच्या उत्तरेस दिल्ली दरवाजा आहे आणि पश्चिमेकडे मकाई म्हणजे मक्केचा दरवाजा आहे. ही नावे लक्षपूर्वक ऐकावीत. त्यांत शहराने आपले वर्णन केलेले नाही. येथून निघालेला माणूस कोठे पोचणार आहे, तेच ती सांगतात. त्यांपैकी पैठणची वाट सर्वांत जुनी. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचपासून पैठणपर्यंत वीस दिवसांची आणि पैठणपासून तगर म्हणजे तेरपर्यंत दहा दिवसांची वाट सांगितली आहे. रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून गाड्यांवर लादून माल भडोचला जात असे, असेही त्यात म्हटले आहे. या वाटांवरच्या व्यापाऱ्यांनी लेण्यांना दाने दिली. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या एका गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव दाता म्हणून कोरलेले आहे. शहर वसण्यापूर्वी सतराशे वर्षे ही वाट होती आणि तिच्यावर माणसे चालत होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

शहर वसविले मलिक अंबराने. इथिओपियात जन्मलेला आणि लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा अनेक मालकांच्या हातांतून जात अहमदनगरच्या निजामशाहीत आला आणि पुढे त्याच राज्याचा कर्ता पुरुष झाला. १६१० मध्ये त्याने खडकी या गावी राजधानी वसविली आणि डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या कालव्यांतून शहरात आणले. ही नहर-ए-अंबरी पुढे कैक पिढ्या शहराची तहान भागवीत राहिली. १६२६ मध्ये अंबर वारला. त्याचा मुलगा फतेहखान याने गावाचे नाव फतेहनगर केले आणि १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने ते औरंगाबाद केले. अलीकडे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झाले. नावांची ही मालिका सर्वांना ठाऊक असते. परंतु ज्याने शहराला पहिल्यांदा पाणी दिले, तो स्वतः परक्या देशातून आलेला, आपली वाट निवडण्याचे स्वातंत्र्यही नसलेला मुलगा होता, ही गोष्ट नावांच्या वादात मागे पडते.

औरंगपुऱ्यातून खडकेश्वरावरून आम्ही भडकल दरवाजाशी आलो. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून मलिक अंबराने १६१२ मध्ये तो उभारला. त्या वेळी शहराला तटबंदी नव्हती. १६६६ च्या सुमारास येथे आलेल्या तेव्हनो या फ्रेंच प्रवाशानेही शहराला तट नसल्याची नोंद केली आहे. तट बांधला गेला तो १६८२ मध्ये, औरंगजेबाच्या काळी. म्हणजे या शहराची पहिली मोठी वेस बंद करण्यासाठी बांधलेली नव्हती. दरवाजापाशी आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. दरवर्षी १४ एप्रिलला शहराच्या सर्व वस्त्यांतून लोक येथे येतात आणि त्यांतील पुष्कळ जण पायीच येतात.

नागसेनवन

भडकल दरवाजावरून पश्चिमेस वळून, बारापुल्ला दरवाजाकडून खाम नदी ओलांडली की मिलिंद महाविद्यालयाचा परिसर लागतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्या वेळी येथे उच्च शिक्षणाची सोय नगण्यच होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने बाबासाहेबांनी १९५० च्या जूनमध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. महाविद्यालयाला ग्रीक राजा मिलिंदाचे नाव आणि परिसराला भदंत नागसेनांचे नाव देण्यात आले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू अशी ही जोडी. यांतील कोणाचेही नाव सत्तेसाठी दिलेले नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथातील रथाचा दृष्टान्त सर्वांना परिचित आहे. पण तो दृष्टान्त सुरू कसा होतो? नागसेन राजाला विचारतात की, तू येथे पायी आलास की वाहनातून? राजा सांगतो, पायी नव्हे, रथातून आलो. मग रथ म्हणजे काय, याची चिकित्सा चालू होते आणि अनात्मवादाचे विवेचन तेथून उलगडते. आमच्या मनात त्या दुपारी हा प्रारंभीचा प्रश्नच घोळत राहिला. या महाविद्यालयाच्या पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना तो विचारला असता, तर त्यांतील कित्येकांचे उत्तर राजाच्या उत्तराहून वेगळे आले असते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून घरातील पहिली अक्षरे शिकलेली मुले येथे आली. वळकटी डोक्यावर घेऊन आलेल्या अशा मुलांच्या आठवणींनी दलित आत्मकथनांची पाने भरलेली आहेत. त्यांना येथे पुस्तकांआधी मिळाले ते वसतिगृह, म्हणजे निवारा.

पायी चालण्याचा आणखी एक इतिहास या परिसराला लागून आहे. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांच्यामध्ये सुमारे सोळा वर्षे गेली. या वर्षांचा हिशेब राजकीय इतिहासात मिळतो. त्यांत माणसे किती चालली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पाणचक्की

नागसेनवनातून परतून आम्ही खाम नदीकाठच्या पाणचक्कीकडे गेलो. प्रवासी येथे चक्की पाहून निघून जातात. वस्तुतः हे स्थान सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियाचे आहे. बुखाऱ्याजवळील गिज्दुवान येथून निघालेला हा नक्शबंदी फकीर देशोदेशी फिरत येथे स्थिरावला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी येथेच वारला. मध्य आशियातून दख्खनेत येणारे दर्वेश आणि सैनिक या तकियात उतरत. डोंगरातील पाणी खापरी नळांतून काही कोस आणून त्याच्या जोरावर पुढे येथे जाते फिरविण्यात आले आणि त्याचे पीठ तकियात राहणाऱ्यांच्या व येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या भाकरीला लागले. संताचे नाव मुसाफिर आणि स्मारक काय, तर मुसाफिरांसाठी दळणारी चक्की. धर्म निराळा, काळ निराळा, तरी गरज तीच. वर्षावासासाठी कोरलेला विहार, त्याला लागून खोदलेले पाण्याचे टाके आणि ही चक्की या एकाच प्रकारच्या वास्तू आहेत, असे आम्हाला वाटते.

तेथून बेगमपुऱ्यावरून आम्ही बीबी-का-मकबऱ्याशी आलो. १६५७ मध्ये वारलेल्या दिलरसबानू बेगमेची ही कबर. तिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की, येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. मकबऱ्यापर्यंत रस्त्यावर सहली, वाहने, विक्रेते यांची गर्दी होती. त्यापुढे लेण्यांकडे जाणाऱ्या सुमारे दोन किलोमीटरांच्या रस्त्यावर आम्हाला मोजकीच माणसे भेटली. बुद्धपौर्णिमेला आणि अशोक विजयादशमीला याच रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. इतर दिवशी दख्खनच्या ताजमहालाला भेट देणारा प्रवासी समोरच्या डोंगराकडे नजर टाकून मागे फिरतो.

लेण्यांत

डोंगराच्या कड्यात एकूण बारा लेणी आहेत. पश्चिमेकडील गटात १ ते ५, त्यापासून सुमारे एक किलोमीटरवर दुसऱ्या गटात ६ ते ९, आणि त्यापलीकडे तिसऱ्या गटात उरलेली अपुरी लेणी. १८७८ मध्ये जेम्स बर्जेस यांनी आपल्या अहवालात त्यांचे तपशीलवार वर्णन केले. पुढे कार्मेल बर्कसन यांचा ग्रंथ १९८६ मध्ये आणि पिया ब्रांकाच्चो यांचा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अजिंठा आणि वेरूळ यांच्या मध्ये सापडल्यामुळे या लेण्यांची उपेक्षा झाली, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते काही अंशी खरे आहे. पण अजिंठ्याचा बहर ओसरल्यानंतर आणि वेरूळची बौद्ध लेणी खोदली जात असता शिल्पकला कोणत्या दिशेने वळत होती, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत प्राचीन, इसवी सनाच्या आगेमागेचे. लाकडी वाशांची आठवण करून देणारे कमानदार छत आणि मध्ये अनलंकृत स्तूप. बुद्धमूर्ती नाही. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष उपासक आहेत. ते जवळजवळ माणसाएवढेच आहेत. कोणाच्या हातात माळ, कोणाचे हात जोडलेले. प्रत्येकाचा चेहरा, केशरचना आणि दागिने निराळे. अभ्यासक त्यांना लेण्याचे दाते मानतात. अंधाराला डोळे सरावले की, दगडातील ही माणसे आपल्या आधी येऊन बसली आहेत, अशी जाणीव होते.

आम्ही मात्र येथे विशेषतः सातव्या लेण्यासाठी आलो होतो. सहाव्या शतकातील या लेण्याच्या ओसरीत, सभागृहाच्या दाराच्या डाव्या हातास अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. जटामुकुटात ध्यानी बुद्ध आणि हातात कमळाचा देठ घेऊन बोधिसत्त्व उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार असे आठ लहान प्रसंग कोरले आहेत. प्रत्येक प्रसंगात संकटात सापडलेली माणसे त्याच्याकडे हात जोडून धाव घेत आहेत. एका बाजूस वणवा, शत्रूचे खड्ग, बेड्या आणि बुडणारे जहाज. दुसऱ्या बाजूस सिंह, सर्प, पिसाळलेला हत्ती आणि आईजवळच्या मुलाला न्यायला आलेला मृत्यू. यांनाच अष्टमहाभये म्हणतात. अशी शिल्पे कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या, अजिंठ्याच्या ४ क्रमांकाच्या आणि वेरूळच्या ३ क्रमांकाच्या लेण्यातही आहेत. त्यांचे मूळ सद्धर्मपुंडरीक सूत्रातील समंतमुख परिवर्तात सापडते.

या आठ भयांची यादी पुन्हा वाचावी. वणवा, दरोडेखोर, परराज्यातील कैद, जहाजफूट, श्वापदे. घरी बसलेल्या माणसाची ही भये नव्हेत. ती प्रवाशाची भये आहेत. प्रतिष्ठानहून निघून घाट उतरून सोपाऱ्याच्या बंदराला जाणाऱ्या व्यापाऱ्याला, त्याच्या गाडीवानाला आणि त्याच वाटेने एकट्याने चालणाऱ्या भिक्खूला वाटेत जे भेटू शकत होते, ते सारे या एका भिंतीवर मांडले आहे. हे केवळ शिल्पकाराचे कल्पित नव्हते. पाचव्या शतकाच्या आरंभी समुद्रमार्गाने मायदेशी परतताना फाहियानचे जहाज वादळात सापडले, तेव्हा त्याने अवलोकितेश्वराचा धावा केला. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने चीनची सीमा ओलांडली ती एकट्याने. वाळवंटात त्याची पाण्याची पखाल सांडली आणि चार रात्री त्याला पाण्याचा थेंब मिळाला नाही, तेव्हा त्यानेही त्याच नावाचा आधार घेतला. हाच ह्युएनत्संग पुढे ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला. येथे शंभराहून अधिक संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद त्याने केली.

नववे भय

शिल्पासमोर बराच वेळ थांबल्यावर आमच्या ध्यानात आले की, या भिंतीवर एक भय नाही.

ज्या दोन प्रवाशांचा उल्लेख वर केला, त्यांनीच त्याची साक्ष नोंदविली आहे. फाहियान सांगतो की, चांडाळांना नगराबाहेर वेगळे राहावे लागे आणि नगरात किंवा बाजारात शिरताना त्यांना लाकडाचा तुकडा वाजवावा लागे. तो आवाज ऐकून लोक त्यांचा स्पर्श टाळीत. ह्युएनत्संगाने खाटीक, कोळी इत्यादींच्या वस्त्या गावाबाहेर पाहिल्या आणि ही माणसे गावात येताजाता रस्त्याच्या डाव्या कडेने चालतात, हेही पाहिले. नगराच्या रस्त्यावर कोणी कसे चालावे, याचा नियम त्या काळी होता. सातवे लेणे खोदले गेले ते या दोन साक्षींच्या मधल्या काळात. सिंहाचे, सर्पाचे, खड्गाचे भय कोणाही वाटसरूला सारखेच. पण जन्मामुळे पाणी नाकारले जाण्याचे, निवारा नाकारला जाण्याचे, रस्ता नाकारला जाण्याचे भय काही वाटसरूंनाच होते. शिल्पकारांनी सूत्राला अनुसरून आठ भये कोरली, यात त्यांचा दोष नाही. हे नववे भय कोरण्यासाठी ज्याने ते भोगले त्याच्याच हाती छिन्नी, म्हणजे लेखणी, यावी लागणार होती.

ती आली विसाव्या शतकात. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने बाबासाहेबांच्या आठवणींचे लहानसे हस्तलिखित पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील त्यांचे स्वतःचे अनुभव बहुतांशी प्रवाशाचे आहेत. १९०१ साली मसूर स्थानकावर उतरून वडिलांकडे बैलगाडीने निघालेल्या मुलांना वाटेत पाणी मिळाले नाही आणि जवळचे जेवणही खाता आले नाही. १९२९ साली चाळीसगावात अस्पृश्याला नेण्यास टांगेवाले तयार होईनात. शेवटी सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, तो पुलावर कोसळला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. आणि १९३४ साली वेरूळला निघालेली तीसेक जणांची मंडळी वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी थांबली.

दौलताबाद या शहरापासून पंधरा किलोमीटरांवर आहे. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदातील पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटविल्याचा ओरडा झाला आणि जमाव जमला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि बरोबर शस्त्रधारी शिपाई देऊन. ओरडा करणारे मुसलमान होते. मसूरच्या आणि चाळीसगावच्या वाटेवर पाणी व गाडी नाकारणारे हिंदू होते. बाबासाहेबांनी हे प्रसंग शेजारी शेजारी ठेवले ते या रोगाने धर्माची सीमाही ओलांडली आहे, हे दाखविण्यासाठी. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

हौदाच्या या प्रसंगानंतर सोळा वर्षांनी, त्याच जिल्ह्यात, त्याच माणसाने महाविद्यालय उघडले. कालाच्या या दोन बिंदूंना जोडून पाहिले की, नागसेनवनाचा अर्थ आमच्या मते अधिक स्पष्ट होतो. ज्या भागात प्रवासी म्हणून त्यांना पाण्याला शिवता आले नाही, तेथे त्यांनी इतरांसाठी निवारा बांधला.

स्त्रीच्या वाटेचा प्रश्न याहून निराळा आहे आणि तो अजून संपलेला नाही. विनयाने भिक्खुणींना एकटीने प्रवास करण्यास मनाई केली. वाटेवर घडलेल्या अत्याचारांमुळे तो नियम करावा लागला, असे विनयपिटकच सांगते. सावित्रीबाईंना पुण्याच्या गल्लीत जे सोसावे लागले, ते याच इतिहासातील पुढचे पान. लेण्यांच्या निर्मनुष्य रस्त्यावर त्या दिवशी आम्हाला एकही स्त्री एकटी चालताना दिसली नाही. हा आमचा एका दिवसाचा अनुभव. त्यावरून सिद्धांत मांडू नये, पण तो नोंदविल्याशिवायही राहवत नाही.

समारोप

सातव्या लेण्याबाहेरच्या कट्ट्यावर उभे राहिले की सगळे शहर समोर पसरलेले दिसते. जवळ मकबऱ्याचा पांढरा घुमट, त्यापलीकडे झाडी आणि दूरवर जुन्या शहराची दाट वस्ती. सकाळपासून चाललेली वाट डोळ्यांनी एका क्षणात मागे जाता येते. एका दिवसात पायांखालून गेलेल्या स्थळांचे आम्ही तेथे बसून टिपण केले. हौद खुला करणारे दांपत्य, पाणी आणणारा गुलाम, निवारा बांधणारा महापुरुष, चक्की ठेवून गेलेला मुसाफिर आणि वाटसरूंसाठी अभयाचे शिल्प कोरणारे अनाम कारागीर. यांतील कोणीही राजवंशात जन्मलेले नाही. या शहराचा इतिहास बाहेरून आलेल्या एकट्या माणसाला शहराने काय दिले आणि काय नाकारले, या कसोटीवरही लिहिता येतो, हे आमचे प्रतिपादन त्यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

आणखी एक गोष्ट. आम्ही त्या दिवशी तीन ठिकाणी पाणी मागितले. औरंगपुऱ्यात एका दुकानात, पाणचक्कीजवळ एका घराच्या दारात आणि लेण्यांच्या पायथ्याशी. तिन्ही ठिकाणी ते मिळाले आणि आमचे नाव कोणी विचारले नाही. हे इतके साधे वाटले की, संध्याकाळपर्यंत आम्हाला त्याचे काहीच विशेष वाटले नव्हते. सातव्या लेण्यासमोर ते आठवले. नव्वद वर्षांपूर्वी येथून पंधरा किलोमीटरांवर हे साधे नव्हते, आणि आजही प्रत्येक गावात ते तितके साधे आहे असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

लेण्यांचा खडक ठिसूळ आहे. काही शिल्पांची झीज डोळ्यांना दिसते. वर्षातून दोन दिवसांच्या गर्दीने स्मारके जिवंत राहत नाहीत. औरंगपुऱ्यातील शाळांतून निघून एखाद्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना या वाटेने पायी लेण्यांपर्यंत आणले, वाटेत पाच ठिकाणी थांबविले आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला की, येथे येणाऱ्या अनोळखी माणसाला पाणी कोणी दिले, तर मराठवाड्याचा इतिहास त्या मुलांना एका दिवसात कळेल. उतरताना आम्हाला वाटेत दोन तरुण भेटले. वर काय आहे, असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना सातवे लेणे दाराच्या डाव्या बाजूने पाहण्यास सांगितले आणि शहराच्या वाटेला लागलो.